उलटे जोर

घरात, गल्लीत, औषधाच्या दुकानात सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मुलींच्या शाळेत त्यांनी वीसेक वर्षं जिम्नॅस्टिक्स शिकवलं होतं, आणि एकदा बाई झालेली बाई भाजी घेतानाही बाईच राहते. लग्नानंतर नवरा चेष्टेने तशी हाक मारायला लागला. चेष्टा केव्हाच शिळी झाली, हाक मात्र टिकली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. ऑफिसांच्या, दवाखान्यांच्या, राहत्या इमारतींच्या. दिवसभर लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं, नाहीतर तिच्या टपावर उभं राहून हात डोक्याच्या वर धरून नट-बोल्ट आवळायचे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बोटांना ग्रीसचा वास असायचा आणि मान लाकडासारखी झालेली असायची. त्यानंतर त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं.

बाईंचे पाय आधी गेले. आजार मणक्यातला होता. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, पण ते लांबलचक होतं आणि त्यावर औषध नव्हतं, म्हणून घरात कुणी ते नाव घ्यायच्या भानगडीत पडलं नाही. नुसतं 'हे' म्हणायचे. 'हे' सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षं बाई हातांच्या जोरावर पलंगावरून खुर्चीत जायच्या. तेवढी ताकद त्यांच्या खांद्यांत होती. मग मनगटं ढिली पडत गेली, आणि एक दिवस त्यांनी नवऱ्याला शांतपणे सांगितलं, की आता उचलावं लागेल.

तो उचलू लागला. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत. संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि हुं म्हणून वर. बाई हलक्या नव्हत्या. आयुष्यभर कमावलेलं शरीर अंथरुणाला खिळलं तरी लगेच पिसासारखं होत नाही. मदतीला एखादी मावशी ठेवू या, असं बाईंनी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "माझ्या बायकोला मी उचलतो." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं होतं, की त्यावर पुढे बोलायला जागाच नव्हती. बाईंनी विषय सोडून दिला.

उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा तो घाबरला. घाबरला हे त्याने कुणाला सांगितलं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर त्याला एक पिकल्या केसांचा माणूस दिसला. तो भिंतीला पाय लावून हातांवर उलटा उभा होता आणि त्या अवस्थेत जोर मारत होता. खाली जायचा, डोकं जमिनीला टेकायचं, परत वर. आपल्या सबंध शरीराचं ओझं नुसत्या खांद्यांवर. लिफ्टवाल्याने ते पुन्हा पुन्हा बघितलं. हे ज्याला जमतं त्याला बायकोला उचलणं म्हणजे काय, असा साधा हिशेब त्याने केला. तरुणपणी साधे जोर त्याने पुष्कळ मारले होते. हे त्याच जातीचं, फक्त उलटं, असं त्याला वाटलं.

तो बाहेरच्या खोलीत हे करायला लागला. बाईंना अंथरुणावर नीट टेकवायचं, त्यांचा रेडिओ लावून द्यायचा, मधलं दार ओढून घ्यायचं. मग जमिनीवर हात ठेवून पाय हवेत झोकायचे. टाचा भिंतीवर धाडकन आपटायच्या. कमरेत बाक यायचा, कोपरं दोन्ही बाजूंना फाकायची, श्वास कोंडायचा, आणि तो कसाबसा थोडासा खाली जाऊन परत यायचा. चेहऱ्यावर रक्त उतरायचं. पण झाल्यावर बरं वाटायचं. दिवसभरात तेवढा एकच वेळ असा होता, की कुणी त्याला काही मागत नसे.

"बाहेर काय पडतंय हो?" एकदा बाईंनी विचारलं.

फळी बसवतोय, असं त्याने सांगितलं.

भिंतीवर टाचा आपटण्याचा आवाज बाईंनी वीस वर्षं ऐकला होता. झेप घेतलेली पोरगी सरळ आहे की वाकडी, हे त्यांना पाठमोरं उभं राहूनसुद्धा कळायचं. ही फळी फार वाकडी बसते आहे, एवढं त्यांना आतल्या आत समजलं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी त्याने एका जुन्या इमारतीतली मोटर बदलली होती. ती चौघांनी मिळून जिन्याने वर नेली, कारण ज्या लिफ्टने न्यायची तीच बंद होती. या गोष्टीवर एरवी तो हसला असता. घरी आला, बाईंचं आवरलं, त्यांना उचलून निजवलं. हात थरथरत होते ते त्याला जाणवलं होतं. आज राहू दे, असंही मनात येऊन गेलं. पण रोजचं चुकवलं की सवय सुटते, असं म्हणून त्याने दार ओढलं आणि पाय भिंतीवर झोकले.

पहिला कसाबसा झाला. दुसऱ्याला खाली जाताना उजवं कोपर बाहेर पळालं, खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं आणि तो डोक्यावर, मग मानेवर, मग आडवातिडवा जमिनीवर कोसळला.

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. आतून बाईंची हाक आली. मग दुसरी. त्याला ऐकू येत होतं, पण छातीतला श्वास निघून गेला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो छताकडे बघत पडला. बाई आत पलंगावर पडून हाका मारत होत्या. त्यांना उठून बघता येत नव्हतं, त्याला उठून सांगता येत नव्हतं. मधलं दार त्यानेच लावलं होतं.

शेवटी तो भिंत धरून उठला आणि उजवा हात पोटाशी धरून आत गेला. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आधी त्याला मान दोन्हीकडे वळवायला सांगितली, मग दोन्ही हातांची बोटं हलवायला लावली, मुंग्या येतात का ते विचारलं. मग म्हणाल्या, "फळी बसली का?"

तो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

खांद्यातला स्नायू फाटला नव्हता, सुजला होता. डॉक्टरांनी हात गळ्यात अडकवून दिला आणि काही आठवडे काहीही उचलायचं नाही, असं बजावलं. बायकोलासुद्धा नाही, असं त्यांनी स्वतःहून जोडलं, म्हणजे बाईंनी आधीच फोन केला असणार. कामावर त्याला खाली बसून तारा तपासायचं हलकं काम मिळालं. घरी त्याची थोरली बहीण येऊन थडकली.

ताई आली की घर लहान व्हायचं. ती अंगाने दांडगी, आवाजाने त्याहून दांडगी. दारातूनच तिने त्याला या वयात माकडचाळे सुचतातच कसे, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकला. दोन दिवस तिने बाईंना स्वतः उचललं. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. मग तिने भावाला न विचारता एक मावशी ठरवली. मावशी मध्यम वयाची, कमी बोलणारी बाई होती; याआधी तीन घरांत तिने असंच काम केलं होतं. ती एक रुंद पट्टा घेऊन यायची, तो बाईंच्या कमरेला बांधायची, खुर्ची पलंगाला भिडवायची आणि बाईंना वळवून सरकवायची. काम व्हायचं. लिफ्टवाला मात्र तेवढ्या वेळात उगाच गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

"तुला काय झालंय तोंड पाडायला?" ताई म्हणाली. "ती बिचारी तुझी सवत आहे का?"

एका रविवारी ताई बाहेर गेली होती. बाईंनी त्याला हाक मारली आणि समोरचं कपाट सरकवून ती भिंत मोकळी करायची आहे, असं सांगितलं. कशाला, ते त्याला कळेना.

"परत करणार ना तुम्ही?"

तो म्हणाला, नाही. झाली तेवढी हौस पुरे.

"करणार. मी ओळखते तुम्हाला. खांदा बरा झाला की दार लावून घ्याल आणि पुन्हा तेच सुरू." बाई जरा थांबल्या. हल्ली लांब वाक्य झालं की त्यांना मध्ये दम घ्यावा लागायचा. "करायचंच असेल तर इथे. माझ्यासमोर."

तो पलंगाच्या कडेला बसला. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिला.

"तुमच्यासमोर करायची लाज वाटायची," तो म्हणाला. "तुम्ही अशा पडलेल्या आणि मी तुमच्यापुढे उड्या मारायच्या. आणि त्यात तुमचीच विद्या."

"मला वाईट वाटेल म्हणून?"

"हो."

"वाईट तर वाटतंच," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते जिना चढून आलात तरी वाटतं. पण पलीकडे माणूस चुकीचं करतंय आणि आपण नुसतं ऐकायचं, हे त्याहून वाईट. महिनाभर ऐकलं मी."

डॉक्टरांनी हात मोकळा केला, फिजिओने हलकं सुरू करा म्हटलं, तेव्हा ताईच्या मदतीने कपाट सरकलं. त्यामागे भिंतीचा जुना रंग निघाला, फिकट हिरवा. घर नव्याने रंगवलं तेव्हा तेवढंच राहून गेलं होतं. त्या हिरव्या चौकोनासमोर तो उभा राहिला आणि मागून सूचना सुरू झाल्या. त्याला वाटलं होतं, आता पाय वर. बाईंनी पुढचे कितीतरी दिवस त्याचे पाय जमिनीवरून उचलू दिले नाहीत.

आधी मनगटं. गुडघ्यांवर बसून तळवे जमिनीवर, बोटं पसरलेली, वजन हळूहळू पुढे आणि मागे. मग उभं राहून दोन्ही हात सरळ वर, आणि खांदे कानांपर्यंत ढकलायचे, जणू छत वर सारायचं आहे. हात वर नेताना कमरेत बाक येतो का, ते बाई बघायच्या. यायचा. फासळ्या आत घ्यायच्या, पोट आवळायचं, ढुंगण घट्ट. दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या माणसाला हात वर कसे करायचे हे नव्याने शिकावं लागतंय, यावर ताई दारात उभी राहून पोट धरून हसली.

मोठी गंमत अशी झाली, की शिकवताना बाई त्याला अरे-तुरे करायला लागल्या. एरवी पंचवीस वर्षं 'अहो' आणि 'तुम्ही' होतं. "कोपर आत घे." "श्वास सोड." "मान लोंबू देऊ नकोस." हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. त्याच्या आलं होतं, पण तो बोलला नाही. बोलला असता तर ते थांबलं असतं.

मग पाय खुर्चीवर, हात जमिनीवर, कंबर उंच. घडी घातलेल्या माणसासारखं. या अवस्थेत डोकं खाली न्यायचं. तो नेमाने डोकं दोन तळव्यांच्या अगदी मधोमध न्यायचा, आणि कोपरं लगेच बाहेर फाकायची.

"डोकं हातांच्या मध्ये नाही. बोटांच्या पुढे," बाई म्हणायच्या. "दोन हात आणि डोकं, तीन टेकू. त्रिकोण झाला पाहिजे. एका रेषेत आलं की खांदा चिमटतो. आणि कोपरं अशी कोंबडीने पंख पसरल्यासारखी नकोत, थोडी मागे वळू देत."

डोक्याखाली चौपदरी घोंगडी असायची. तिच्यावर डोकं टेकवायचं होतं, टाकायचं नव्हतं. हे त्याला सगळ्यात जड गेलं. वर ढकलण्याची त्याला घाई असायची. खाली येताना तो स्वतःला सोडून द्यायचा. बाई त्याला सावकाश खाली यायला लावायच्या, इतकं सावकाश की दंड थरथरायचे, आणि खाली पोचल्यावर वर ढकलूच द्यायच्या नाहीत. गुडघे टेकायला सांगायच्या. असं किती दिवस चालणार म्हणून तो वैतागला. मग एका संध्याकाळी घोंगडीवर कपाळ टेकवून तो तसाच बोलला, की लिफ्टचंही असंच असतं. वर न्यायला मोटर असते, त्याचं कौतुक नाही. आम्ही आधी ब्रेक तपासतो.

"मग इतके दिवस काय सांगतेय मी?" बाई म्हणाल्या, आणि हसताना त्यांना ठसका लागला. मावशीने धावत येऊन त्यांना उठवून बसवलं.

भिंतीवर जायची वेळ आली तेव्हाही झेप घ्यायची नव्हती. भिंतीकडे पाय करून ओणवं व्हायचं, मग एकेक पाऊल भिंतीवर चढवायचं आणि हात मागे मागे आणायचे. पोट भिंतीकडे, पाठ बाईंकडे. याचा अर्थ बाईंना त्याचा मणका कमरेपासून मानेपर्यंत दिसायचा आणि काहीही लपवता यायचं नाही. पहिल्या आठवड्यात वर राहणं शिकवलंच नाही, उतरणं शिकवलं. हात पुढे चालवत, पाय भिंतीवरून खाली. आणि अचानक तोल गेलाच, तर एक हात उचलून बाजूला वळायचं आणि एका पायावर उतरायचं. दहा वेळा वर जायचं ते केवळ उतरण्यासाठी.

"अजून एक होईल," तो कधीकधी म्हणायचा.

"म्हणूनच थांब," बाई म्हणायच्या. "होईल असं वाटतंय तोवर उतरायचं. होणार नाही असं वाटल्यावर उतरता येत नाही."

या सगळ्यात हिवाळा निघून गेला. ताई तिच्या घरी परत गेली. मावशी येत राहिली, कारण खांदा पूर्ण बरा होईपर्यंत, असं ठरलं होतं. तो कामावरून यायचा, हातपाय धुवायचा, बाईंना सूप पाजायचा, आणि मग दोघं भिंतीकडे वळायची. काही दिवस तो इतका दमलेला असायचा, की बाई त्याच्याकडे बघूनच मान हलवायच्या. मग तो मुकाट्याने मनगटं फिरवून उठायचा.

आणि काही दिवस त्या दमलेल्या असायच्या. आवाज खोल जायचा, शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे. तेव्हा तो प्रत्येक वेळी उतरून, जवळ जाऊन, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन विचारायचा. एकदा असाच तो वर असताना त्यांनी काहीच म्हटलं नाही. तो उतरला तर बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. जवळ गेला. चुकलं का, म्हणून विचारलं.

"नाही. बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आज नको. आज मला बघवत नाहीये."

त्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातून पाण्याचा कप पडला होता. प्लास्टिकचा कप, अर्धाच भरलेला. मावशीने जमीन पुसून घेतली आणि नंतर त्यांना कपात नळी घालून पाणी दिलं. हे त्याला मावशीकडून कळलं. तो त्यांच्या उशाशी बसला. त्यांचं मनगट हातात घेऊन, त्या त्याच्याकडून करून घ्यायच्या तसं, हळूहळू पुढेमागे करत राहिला. बाईंनी डोळे मिटले. त्या रडत होत्या, पण थकलेलं माणूस रडतं तसं, अंग न हलवता.

मग चारेक दिवस भिंतीसमोर कुणी गेलं नाही. पाचव्या दिवशी बाईंनीच विचारलं, घोंगडी कुठे आहे.

पहिल्यांदा तो वरून पूर्ण खाली गेला आणि वर ढकलायला लागला, तेव्हा अर्ध्यात अडकला. दात आवळले, कान तापले. मागून काही सूचना येत नव्हती. अजून जरा जोर लावला तर होईल, हे त्याला कळत होतं, आणि त्या जोराच्या नादात उजवं कोपर बाहेर सटकू बघतंय, हेही कळत होतं. तो परत खाली गेला, डोकं अलगद टेकवलं, पाय भिंतीवरून उतरवले आणि गुडघ्यांवर बसला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. सबंध शिकवणीत त्यांनी हा शब्द एवढ्या एकाच वेळी वापरला.

पूर्ण जोर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी झाला, एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, फारशी तयारी नसताना. तो खाली गेला, टेकला, आणि वर आला. वर येऊन खांदे कानांपर्यंत ढकलले आणि क्षणभर तसाच राहिला. मग उतरला. त्याने वळून बघितलं. त्याचा चेहरा बहुधा शाळेतल्या मुलीसारखा झाला असणार.

"डावं कोपर," बाई म्हणाल्या. आणि मग, "पाणी प्या आता."

'प्या' ऐकून त्याला शिकवणी संपल्यासारखं वाटलं. तो पाणी प्यायला.

फिजिओने खांदा तपासून सगळं ठीक आहे असं सांगितलं, त्याच संध्याकाळी त्याने मावशीचा विषय काढला. आता मी परत उचलीन, म्हणाला. मावशीला या महिन्याअखेर नाही म्हणून सांगू. तो आनंदात होता. इतक्या महिन्यांनी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं गॅलरीत उभं राहायला नको होतं.

"मावशी राहू दे," बाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, त्यांना खांद्याची काळजी आहे. त्याने हात वर करून, गोल फिरवून दाखवला.

"तसं नाही. तिला राहू दे."

"मग हे सगळं कशासाठी केलं?" त्याचा आवाज चढला. "तुम्हाला नीट उचलता यावं म्हणूनच ना? दुसरं काय होतं त्यात माझं?"

बाईंनी दम घेतला. बोलण्याआधी त्या शब्द मोजून ठेवत असाव्यात, असं हल्ली वाटायचं.

"तुम्ही केलंत ते तुमच्यासाठी. आणि शिकवलं मी माझ्यासाठी. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी काही शिकवता आलं." त्या थांबल्या. "पण मी म्हणजे तुमचा व्यायाम नाही हो. तुम्ही मला उचलता तेव्हा दात आवळता. तुमचं हुं माझ्या कानात येतं. मावशी उचलते तेव्हा ती तिच्या पोरीचं काहीबाही सांगत असते. मला कळतही नाही केव्हा खुर्चीत आले."

तो उठून गॅलरीत गेला. रागावला होता, आणि कुणावर रागवावं ते ठरत नव्हतं. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता; तो बसवून, हात पँटला पुसून, निघून जाईपर्यंत लिफ्टवाला बघत राहिला. 'माझ्या बायकोला मी उचलतो' हे आपलं वाक्य त्याला आठवलं. त्यात 'मी' किती मोठा होता. पण दुखायचं ते दुखलंच. इतकी वर्षं जे आपण प्रेमाने करत होतो, ते समोरच्याला जड जात होतं, हे कळून कुणाला बरं वाटणार.

आत आला तेव्हा दिवे लागले होते. बाई जाग्या होत्या. तो म्हणाला, "आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं होतं."

त्याने त्यांची उशी सारखी केली, आणि उद्या मावशी किती वाजता येणार, ते विचारलं. नेहमीच्याच वेळेला, बाई म्हणाल्या. मग त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि दोघं रेडिओ ऐकत बसली. कार्यक्रम कशावर होता ते दोघांपैकी कुणालाच धड सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली तेव्हा तो गॅलरीत गेला नाही. चहाचा कप घेऊन खोलीतच बसला. मावशीने पट्टा बांधला, पाय नीट ठेवले, आणि तिची पोरगी कशी परीक्षेच्या आदल्या दिवशीच केस कापून आली, ते सांगायला लागली. बाईंनी विचारलं, किती कापले. मावशीने स्वतःच्या कानापाशी हात नेऊन दाखवलं, आणि तेवढ्यात बाई खुर्चीत होत्या. मावशी त्यांचे केस विंचरायला लागली. त्या दोघींचं बोलणं चालू राहिलं. त्याला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, कारण आधीच्या भागाच्या वेळी तो गॅलरीत होता.

"जा ना आता, उशीर होईल," बाई त्याला म्हणाल्या.

उशीर होत नव्हता. उलट तो बराच लवकर बाहेर पडला. बस रिकामी होती, खिडकीजवळची जागा मिळाली. कित्येक महिन्यांनी सकाळी त्याचे दंड भरून आलेले नव्हते, आणि तरीही अंगात असा काही शीण होता की जणू इतक्या वर्षांचा तो शीण रांगेत उभा राहून याच सकाळची वाट बघत होता. पिशवी मांडीवर घेऊन त्याने काचेला डोकं टेकवलं आणि झोपला. त्याचा थांबा आला, गेला. त्यापुढचाही गेला. कंडक्टरने खांद्याला हात लावून उठवलं, तेव्हा तो शेवटच्या थांब्यावर होता आणि बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं.